आधी उठेल त्याचं नाव

९ जानेवारी, गुरुवार. नावन.

पोचलो. विमानात अंग आखडून लाकूड झालं होतं, पण विमानतळाच्या दारात निहारिका दिसली आणि शीण कुठल्या कुठे गेला. हातात पुठ्ठ्याची पाटी, तिच्यावर रंगीत खडूंनी ‘आबा’. माझ्या सुटकेसवर बसून गाडीपर्यंत आली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत, तेही इथल्या आयरिश हेलात, वाक्याचं शेपूट वर उचलून. किती वर्षांची झालीस विचारलं तर म्हणाली, पावणेसात. समोरचा वरचा दात पडलाय, त्या खिंडीतून शिट्टी वाजवून दाखवते. केस थेट तिच्या आजीचे, कुरळे, फणी मोडतील असे.

केतकीने घर छान लावलंय. लाल विटांच्या घरांची ओळ आणि ओळीच्या टोकाचं हे आमचं. ऑक्टोबरात घेतलं, जुनं आहे पण भिंती जाड. मला वरची पुढची खोली दिलीय. खिडकीतून शेजारचं अंगण, त्यापलीकडे शेत, आणि शेतात मेंढ्या अशा उभ्या की कोणीतरी नेमून दिल्यात. कपाटाला इथे ‘प्रेस’ म्हणतात हे निहारिकाने शिकवलं. कसं काय विचारलं की ‘ग्रँड’ म्हणायचं, मग पोट दुखत असलं तरी.

माझं काम ठरलेलं आहे. केतकीची हॉस्पिटलातली ड्युटी सोमवारपासून बदलतेय, पियूष पहाटेच्या बसने सँट्रीला ऑफिसात जातो, आणि शाळा पावणेदोनला सुटते. मधल्या वेळेला घरात जाणतं माणूस हवं. पियूष नागपूरचा, बोलायला मोकळा. म्हणाला, बाबा, तीन महिने तुम्ही आमचे चौकीदार, पगार म्हणून रोज दोन पोळ्या आणि लेकीची बोलणी.

सामानात दोन वजनदार गोष्टी आणल्या. एक, चाळीस वर्षांचे फोटो, केतकीच्या बारशापासून. दुसरी, माझं नाव घालायचं मशीन. चौतीस वर्षं नाशिकच्या भांडी बाजारात दुकानाच्या पायरीवर बसून मी त्याच मशीनने भांड्यांवर नावं घातली. लग्नाचे हंडे, बारशाच्या वाट्या, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. मधल्या रिकाम्या वेळात रेडिओ दुरुस्त करायचो. बावन्नाव्या वर्षी भंगारातून एक कॉम्प्युटर उचलला आणि मोडत मोडत शिकलो. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे रागवायलाही कोणी नव्हतं. सुरेखा तेवढी म्हणायची, त्या डब्याशी बोलता तेवढं माझ्याशी बोला.

ती गेल्यापासून ही वही धरलीय. बोलायला कोणीतरी हवं.

१२ जानेवारी, रविवार.

आज खजिना सापडला. जिन्याखाली एक प्रेस आहे, माणूस वाकून आत बसेल एवढा. केतकीला तिथे व्हॅक्यूम ठेवायचा होता. आत बघतो तर मागच्या भिंतीशी एक कॉम्प्युटर, छोटी स्क्रीन, कीबोर्ड आणि बुटकं स्टूल. आधीच्या मालकाचं. डोनल नावाचा एकटा राहणारा गृहस्थ होता, गेल्या वर्षी वारला. त्याच्या मुलीने घर विकलं, पण ही वस्तू तशीच राहिली. पियूष म्हणाला, फेकायला न्यायचं होतं, वेळच झाला नाही. मी म्हटलं, फेकणाऱ्याचं जातं आणि जपणाऱ्याचं होतं, मला दे.

उघडून झटकला. धूळ कमी निघाली, इतक्या दिवसांच्या मानाने फारच कमी. आत दोन डिस्का, दोन्ही ठणठणीत. जुनं सगळं पुसून लिनक्स बसवलं, यंत्र चालवणारी फुकटची प्रणाली. आता यात घरचे फोटो ठेवायचे: पहिल्या डिस्कवर माझे नाशिकचे, दुसरीवर निहारिकाचे, जन्मापासून आजपर्यंतचे. फोन हरवतात, फुटतात. लेकराचं लहानपण एकदाच येतं, ते कुठेतरी नीट राहायला हवं.

दुपारी मशीन काढलं आणि दोन्ही डिस्कांच्या पत्र्यावर नावं घातली. एकीवर पद्माकर, दुसरीवर चि. निहारिका. ती शेजारी बसून बघत होती. चि. म्हणजे काय म्हणाली. म्हटलं, पुष्कळ जग, असं. मग तिच्या डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर आणि केतकीच्या नकळत एका चमच्यावरही घातलं.

१५ जानेवारी, बुधवार.

काल संक्रांत झाली. केतकीने तिळगूळ केला, जरा चिकट झाला, निहारिकाच्या डुगडुगत्या दुसऱ्या दाताने त्याच्याशी बराच वेळ झगडा केला.

यंत्राची एक गंमत लिहून ठेवतो. बटण दाबलं की लिनक्स लगेच उठत नाही. आधी एक छोटा प्रोग्रॅम उठतो, बूटलोडर. घरात सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवणाऱ्या बाईसारखा. डिस्का मोजतो, लिनक्सला हलवून जागं करतो आणि स्वतः बाजूला होतो. आता हे दोघं एकाच डिस्कला एक नाव देत नाहीत. बूटलोडर शून्यापासून आकडे देतो, एचडी-शून्य, एचडी-एक. लिनक्स आपली अक्षरं देतो, एसडीए, एसडीबी. माहेरी एक नाव आणि सासरी दुसरं, बाई तीच.

आज मी बूटलोडरला मधेच थांबवलं आणि यादी मागितली. त्याने तीन डिस्का दाखवल्या. शून्य, एक आणि दोन.

लिनक्स उठवून पाहिलं, तर दोन. पुन्हा थांबवलं, तर तीन. उघडून वायरी मोजल्या, डिस्का दोनच. पेनड्राइव्ह नाही, काही नाही. तिसरीची माहिती विचारली तर सांगतो, लेबल ए-ओ-आय-एफ-ई, शेवटचा बदल आज सकाळी. मी ते आओइफे वाचलं. निहारिका पोट धरून हसली. म्हणे आबा, ते ईफा आहे, मुलीचं नाव, आमच्या वर्गात दोन आहेत.

पियूषच्या ऑफिसातल्या अंबरीशला फोन लावला. सांगलीचा मुलगा, या विषयात मुरलेला. म्हणाला, काका, तिसरी म्हणजे जुन्या चिपचा खोडसाळपणा असेल, गरीब भूत आहे, राहू द्या. पण एक ध्यानात ठेवा. नाव डिस्कचं नसतं, रांगेतल्या जागेचं असतं. उठताना जी आधी हाक देते तिला ए, मागून येईल तिला बी. उद्या वीज गेली-आली आणि दुसरी आधी उठली की तीच ए. कॉम्प्युटरला फरक कळत नाही, तो आपला त्या नावाने सगळं तिला देऊन मोकळा. म्हणून प्रत्येक डिस्कच्या पोटात एक लांबलचक आकडा असतो, तो तिचा एकटीचा. तो बघून मगच काम करायचं.

मी हो म्हटलं. छत्तीस अक्षरांचा आकडा, चष्मा वर राहिला होता. म्हटलं, आपण पत्र्यावर नाव कोरलंय, आपल्याला कसली चूक होते.

१८ जानेवारी, शनिवार.

शेजारच्या ब्रीडाबाई ब्राउन ब्रेड घेऊन आल्या. सत्तरी ओलांडलेली, कमरेत वाकलेली, जिभेने सरळ. पद्माकर म्हणायला जमेना, म्हणून मला पॅडी केलं, इथलं घरोघरचं नाव. म्हणाल्या, आता तू इथलाच. मी म्हटलं, एवढ्या स्वस्तात नागरिकत्व कोणाला मिळालं नसेल.

चहावर डोनलचा विषय निघाला. बाईंनी आवाज उतरवला. बायको लवकर गेलेली, एकच मुलगी, ईफा. पोर सहाची असताना, म्हणजे वीस-एक वर्षांपूर्वी, त्याचं डोकं फिरलं. एका सकाळी रस्त्यावर येऊन सांगायला लागला, घरात आहे ती माझी मुलगी नाही. गुणी पोर, त्याच्यासमोर उभी राहून रडायची, आणि हा तिच्याकडे बघायचा नाही. तिला मावशीने वाढवलं. ती मोठी झाली, ऑस्ट्रेलियात गेली, बापाच्या मातीला आली आणि घर विकून परत गेली. आणि हा वीस वर्षं त्या जिन्याखाली. तिथेच सापडला, स्टुलावर बसलेला, यंत्र चालू.

मी यादीतलं लेबल त्यांना सांगितलं नाही. बापाने मुलीच्या नावाने डिस्क ठेवली असेल, मीही तेच केलंय. पण ब्रेडचा उरलेला तुकडा बशीत ठेवून दिला.

२० जानेवारी, सोमवार.

निहारिकाला शाळेत सोडून आलो आणि यंत्र चालू करून काम संपवलं. आतूनही लेबलं दिली: एसडीए पद्माकर, एसडीबी निहारिका. मग तिचे सगळे फोटो आणि व्हिडिओ दुसरीवर चढवले. अंबरीशचा तो लांब आकडा ताडून पाहायचा राहिला. शाळा सुटायची वेळ झाली होती, पाऊस होता, छत्री शोधायची होती. नंतर बघू.

संध्याकाळी तिने जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करून उतरण्याचा विक्रम केला. केतकी ओरडली, मी मोजत होतो.

२४ जानेवारी, शुक्रवार.

वादळ. लाल इशारा, शाळा बंद, केतकी हॉस्पिटलातच अडकली. पहाटेच वीज गेली. अख्खं घर हुंकारत होतं. पियूष, निहारिका आणि मी एका रजईत बसून गुलामचोर खेळलो. ती तीनदा जिंकली, दोनदा लबाडीने. दुसरा दातही पडला, मेणबत्तीच्या उजेडात शोधून कागदात बांधला.

वीज अजून नाही. यंत्राचं बटण बंद करायचं विसरलोय, आता अंधारात कशाला जायचं.

२५ जानेवारी, शनिवार.

क्रमाने लिहितो.

सकाळी सव्वासहाला वीज आली. मी स्वयंपाकघरात होतो. जिन्याखालून यंत्र उठल्याचा एक बारीक आवाज आला. मग जिन्यावर पावलं, एकेक पायरी मोजून उतरणारी. दारात एक मुलगी उभी राहिली. अंगात निहारिकाचे कपडे. केस तांबूस, सरळ. गालावर ठिपके. तोंडात सगळे दात.

मला वाटलं, शेजारची कोणी वादळात निवाऱ्याला आली. गुड मॉर्निंग म्हटलं. पियूष आला, तिच्या डोक्यावर ओठ टेकवले, म्हणाला, निहू, दूध गरम करू का. तिने मान हलवली.

मी विचारलं, निहारिका कुठेय. तो हसला. मग हसायचा थांबला.

वर धावलो. पलंग रिकामा. भिंतीवरच्या फोटोत केतकीच्या कडेवर ही. बारशाच्या फोटोत सुरेखाच्या मांडीवर तांबड्या केसांचं बाळ. उशीखाली दाताची पुडी होती, तिच्यात काही नाही.

ही वही काढली. नऊ तारखेच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: केस कुरळे, दात पडलाय. एवढंच आहे माझ्याकडे.

२६ जानेवारी, रविवार.

केतकीने समोर बसवून प्रश्न विचारले. आज वार कोणता. शंभरातून सात वजा करत जा. कागदावर घड्याळ काढा, दहा वाजून दहा मिनिटं. लेकीचा आवाज नव्हता तो, नर्सचा होता. सगळं बरोबर आलं. तरी तिचे डोळे भरले. म्हणाली, बाबा, आईच्या वेळी तुम्ही असेच बोलायला लागला होतात. मी म्हटलं, तुझ्या मुलीला मराठी कळतं ना, मग हिला विचार, आजीचं नाव काय. केतकीने विचारलं. ती मुलगी नुसती बघत राहिली. केतकी म्हणाली, दमलीय ती, तुम्ही घाबरवलंत तिला.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी लाख वेळा हसत म्हटलीय.

मंगळवारी डॉक्टरकडे न्यायचं म्हणतायत.

२७ जानेवारी, सोमवार.

सकाळी साडेसहा. केतकी ड्युटीवर, पियूष वर अंघोळीला. मी जिन्याखाली जाऊन यंत्र पुन्हा सुरू केलं आणि बूटलोडरवर थांबवलं. यादी.

एचडी-शून्य, पद्माकर. एचडी-एक, ईफा. एचडी-दोन, निहारिका.

लिनक्स दुसरीला निहारिका म्हणतो. ज्याने आधी मोजलं तो बूटलोडर तिला ईफा म्हणतो.

तेव्हा लक्षात आलं, वरचा शॉवर थांबलाय. पाणी बंद केल्यासारखा नाही, मधेच कापल्यासारखा. घरात कसलाही आवाज नाही. फ्रिजही नाही. आणि माझ्या डोक्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर, धप धप. दोन-दोन पायऱ्या.

आबा, म्हणाली. सगळे कुठे गेले. मी किती वेळ झाला हाका मारतेय, घरात कोणीच नाही, बाहेर उजाडतच नाही, आणि मला भूक लागलीय.

दार उघडून मिठीत घेतलं. गार होती, पण तीच. केस, खिंड, सगळं. त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारात ती दुसरी उभी दिसली. तोंड पांढरंफटक. माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे बघत होती.

मी गोंधळलो. कोपर कीबोर्डला लागलं. लिनक्स उठला. निहारिका माझ्या हातांतून शब्दाच्या मध्यावर —

शॉवर सुरू झाला. पियूष कोणतं तरी गाणं गुणगुणत होता.

२८ जानेवारी, मंगळवार.

डॉक्टर भला माणूस. गोळ्या दिल्या. जिभेखाली धरून थुंकल्या.

अंबरीशला विचारलं, चुकीची डिस्क उठली तर परत आणायचं कसं. तो म्हणाला, सोपं आहे काका, पुन्हा चालू करायचं आणि हवी ती आधी उठवायची. दुसरी जाईल मागे. मी विचारलं, मागे म्हणजे कुठे. तो हसला, म्हणाला, कुठे म्हणजे, यादीत नसेल, बास.

२९ जानेवारी, बुधवार.

आज शाळेतून येताना ती दुसरी, ईफा, माझं बोट धरून चालली. घरी तीन टोस्ट खाल्ले, मग चौथा खिशात घातला. वीस वर्षांची भूक असेल ती.

मी काही बोलायच्या आत तीच बोलली. हळू, आजूबाजूला बघत. म्हणाली, मला माहीत आहे तू काय करणार आहेस. तिथे कोणी नसतं. नेहमी नाश्त्याच्या आधीची वेळ असते. मी रोज जिना मोजला. डॅडी यंत्र थांबवायचा तेव्हा दिसायचा, मला हाक मारायचा, मग पुन्हा नाहीसा व्हायचा. एकदा आला नाही. प्लीज, मला परत नको पाठवू.

आणि म्हणाली, मी मुद्दाम नाही केलं, दिवे लागले आणि मी धावले.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नको ठेवायला होता. ठेवला.

३१ जानेवारी, शुक्रवार.

झोप नाही. एकीला आणायचं म्हणजे दुसरीला त्या न उजाडणाऱ्या घरात ढकलायचं. माझी नात तिथे उपाशी बसलीय. आणि ही खिशात टोस्ट ठेवून झोपते.

जागा दोन आहेत. त्यातली एक माझी.

दुपारी डिस्क बाहेर काढून पत्र्यावरचं माझं नाव घासून काढलं. चौतीस वर्षांत स्वतःचं नाव कधी खोडलं नव्हतं. तिथे ईफा कोरलं. आतलं लेबलही बदललं. पहिलीवर ईफा, दुसरीवर निहारिका. मी सत्तरीचा माणूस, मला कुठे शाळेत जायचंय.

केतकीला सांगणार नाही. सांगितलं तर ती घड्याळ काढायला लावेल. संध्याकाळी तिच्या हातचं पिठलं खाल्लं, दोनदा घेतलं. ती म्हणाली, बाबा, आज बरं वाटतंय ना. ग्रँड, म्हटलं.

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी साडेसहा.

जिन्याखाली स्टुलावर. दार उघडं. यंत्र बूटलोडरवर थांबवलंय. घर गप्प. वही मांडीवर, टॉर्च काखेत.

दोघी आल्या. एक जिन्यावरून, एक स्वयंपाकघरातून. एकमेकींकडे बघतायत. निहारिकाने तिला विचारलं, तूच का ती दुसरी. तिने मान हलवली. निहारिकाने तिचा हात धरला. माझी पोर आहे ती.

सांगितलं, मी बटण दाबलं की दोघींनी पळायचं, स्वयंपाकघरात, हात सोडायचा नाही, मागे बघायचं नाही. निहारिका म्हणाली, आणि तू? मागोमाग आलोच, म्हटलं.

दाबलं.

दाबता दाबता यादी नजरेखालून गेली. शून्य, ईफा. एक, निहारिका. दोन, पद्माकर. बरोबर.

तीन.

तीन नंबरची, म्हणजे चौथी, कधीच नव्हती. लेबल डोनल —

पावलं. पोरींची नाहीत. जड. माझ्या पाठीमागून, जिथे भिंत आहे तिथून. माझ्या अंगावरून गेली, पोरींच्या आधी —

दार लागलं. मी नाही लावलं.

वर दिवा. नळ. केतकीची पावलं, झोपेतली, चप्पल घासत. स्वयंपाकघरात. बाबा, तुम्ही टाकलात का चहा, म्हणाली.

कोणीतरी हो म्हणालं. मराठीत. घसा खाकरून, मी खाकरतो तसा.

केतकी हसली. मग म्हणाली, आणि निहू पण उठली का एवढ्या लवकर. पुढे खुर्ची सरकल्याचा आवाज. एकच खुर्ची.

मी हाक मारली. केतकी. केतकी. दारावर हात मारतोय, आवाज होत नाही. दार लाकडाचं लागत नाही हाताला, काहीच लागत नाही —

चूक तीच. पुन्हा तीच. नाव कोरलं आणि वाटलं झालं. जागा रिकामी ठेवली होती मी, तिच्यावर नाव घातलं होतं, पण नावाला कोण विचारतं, जो आधी —

टॉर्च मंद होतेय.

माझं बोट कोणीतरी धरलंय. लहान हात. गार.

म्हणजे एक गेली आणि एक राहिली. कोण गेली. माझी इथे असेल तर मी तिला स्वतःच्या हाताने — आणि दुसरी असेल तर बरं झालं म्हणू का. म्हणवत नाही. श्वास ऐकतोय. रडत नाही. दोघींपैकी कोण रडत नाही ते मला —

उजेड गेला. अंदाजाने लिहितोय.

विचारलं. बाळा, तू कोण.

ती म्हणते —